शटरवरचे भाऊसाहेब

दिवाळीआधीच्या भाजणीच्या आठ दिवसांवर दमयंतीबाई डांग्यांचं वर्ष निघायचं. नेमका तेव्हाच उमेदवार भाऊसाहेब रणपिसे यांचा फ्लेक्स बाईंच्या पिठाच्या गिरणीच्या शटरवर कुणीतरी न विचारता बांधला. बाई दोरी सोडू लागल्या, तर प्रचाराला निघालेले भाऊसाहेब तिथेच थांबून गुरकावले, "उमेदवाराच्या फलकाला हात लावणं गुन्हा आहे. फाटला तर पोलिसात देईन."

बाईंनी गाठ तशीच ठेवून हात मागे घेतला.

दुपारी भाऊसाहेबांच्या अंगणात तीस-चाळीस बायका डबे घेऊन उभ्या राहिल्या. पुढे दमयंतीबाई.

"हे काय, बाई?"

"शटर उचललं की फलक फाटतो, भाऊसाहेब. तुम्हीच म्हणालात, गुन्हा आहे. म्हणून मतदानापर्यंत गिरणी बंद. चकल्यांचं काय करायचं, ते आता तुम्हीच या मतदारांना सांगा."

"अहो, सोडा तो फलक."

"मी कशी हात लावू? उमेदवारानेच सोडलेला बरा."

गिरणीपुढे भाऊसाहेब स्टुलावर चढून गाठी सोडत असताना बायका हसत होत्या. बाईंना मात्र हसू येईना. स्टँडजवळ दुसरी गिरणी होती. यातली एकही तिकडे गेली नव्हती. शटर वर गेल्यावर त्यांनी पहिला डबा घेतला आणि डबेवालीला वाकून नमस्कार केला.