अर्धा रंगवलेला चौकोन

"पण भंतेजी, दोष कुणाच्या घराण्याकडून आला, एवढं तरी शास्त्र सांगतं की नाही?"

भंतेजी विहाराच्या ओट्यावर बसून आपलं फाटलेलं भगवं चीवर शिवत होते.

विचारणारा देवानंद कापगते. साकोलीकडच्या एका कॉलेजात तो बारावीला जीवशास्त्र शिकवायचा. आनुवंशिकतेचा धडा तर त्याच्या डाव्या हातचा मळ. चीवर घेण्याआधी भंतेजी मास्तर होते, तेव्हा त्यांनीच त्याला तो शिकवला होता. वर्गात पहिला हात याचाच वर जायचा. हुशार गडी, पण ताठा केवढा!

आज मात्र गडी कावलेला होता. दोन महिन्यांपूर्वी त्याला मुलगी झाली. कातडी गुलाबी, केस कापसासारखे पांढरे, भुवयासुद्धा पांढऱ्या.

आई म्हणाली, सुनेनं ग्रहण पाळलं नाही. देवानंदनं आईला वेड्यात काढलं. कसलं ग्रहण, हे जनुकांचं काम आहे म्हणाला. आणि मग सगळं खापर शांतपणे बायकोच्या माहेरावर फोडलं.

रेवती बाळाला घेऊन अजून माहेरीच होती. तिला आणायला कुणी गेलं नव्हतं. आता जायचंही नाही, उद्या सासऱ्यांना फोन करून तसं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. फक्त गुरूंचा होकार हवा होता.

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. वंशावळीचा तक्ता. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. ज्याच्यात लक्षण दिसतं ते पूर्ण रंगवायचं, ज्याच्यात ते दडून असतं ते अर्धं. बाळाचं वर्तुळ पूर्ण रंगवलेलं. रेवतीचं अर्धं. तिची आई अर्धी, आजोबा अर्धे, मामा अर्धा. काम इतकं नेटकं, की पैकीच्या पैकी मार्क द्यावेत.

भंतेजींनी सुई बाजूला ठेवली. कागद बराच वेळ पाहिला.

"हा कोरा चौकोन कुणाचा?"

"माझा."

"कोरा का?"

आमच्या घरात असं कधी कुणी झालं नाही, देवानंदनं सांगितलं. सगळे सावळे, सगळ्यांचे केस काळेभोर.

"आणि रेवतीच्या घरी?"

देवानंद थांबला. तिथंही... तसं कुणी नव्हतं.

भंतेजी हसले नाहीत. मला जरा तो धडा समजावून सांग, म्हणाले, बरीच वर्षं झाली. देवानंदला हायसं वाटलं. तो घडाघडा बोलू लागला. हे लक्षण अप्रभावी. त्याचं जनुक एकच असेल तर प्रभावी जनुक त्याला झाकून टाकतं आणि माणूस चारचौघांसारखा दिसतो. त्याला वाहक म्हणायचं. लक्षण दिसायला तशी जनुकं दोन लागतात.

"एकानं भागत नाही?"

"नाही, भंतेजी."

"एक आईनं दिलं. दुसरं?"

देवानंदची नजर कागदावरच्या कोऱ्या चौकोनावर गेली...

हे उत्तर त्यानं दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं. ते चुकलं म्हणून पोरांचे मार्क कापले होते. आणि स्वतःच्या घरात मात्र...

भंतेजींनी त्याच्याच खिशातली पेन्सिल काढून त्याच्या हातात दिली.

चौकोन तो केवढा, नखाएवढा. पण अर्धा रंगवायला त्याला फार वेळ लागला. रंगवून झाला तेव्हा त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. दवाखान्यात रेवतीनं बाळ त्याच्यापुढं धरलं होतं आणि त्यानं हात पुढं केले नव्हते. ते आठवलं आणि तो रडला. चक्क रडला.

भंतेजींनी त्याला रडू दिलं.

मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "आता कुठल्या तोंडानं जाऊ? तिला सांगू तरी काय?"

भंतेजी उठले. आत गेले आणि आपली काळी छत्री घेऊन आले...

"ही ने. परत येताना दुपार होईल, आणि तुझ्या लेकीच्या डोळ्यांना ऊन सोसायचं नाही."