हाकेचा डोह

उंबरखोऱ्याच्या डोहाशी आलेल्या परक्या माणसाला पहिल्यांदा खटकते ती गोष्ट तशी बारीकच असते. पाण्याशी कुणी हाक मारली तर तिसऱ्यांदा हाक आल्याशिवाय ओ देऊ नये, हे साऱ्या घाटात पोरासोरांनाही ठाऊक. पहिली हाक माणसाची नसते, पाण्यातल्या साती आसरांची असते, असे म्हणतात. इथे मात्र सगळे उलटे. वरच्या पाणंदीवरून कुणी नुसते "अगं ए" म्हटले, की धुणे आपटणारी प्रत्येक बाई, हाक तिला असो वा नसो, हात थांबवून "ओ" म्हणते. नवखा पाहुणा चपापतो. मग आसरांच्या शेंदरी दगडांपाशी दिवा लावणारे धोंडूतात्या गुरव त्याला उंबराखाली बसवून घेतात आणि सांगू लागतात.

पूर्वी म्हणे हा डोह गावाला लग्नाची भांडी द्यायचा. आदल्या दिवशी काठावर नारळ आणि हळदकुंकू ठेवून आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी हंडे, पराती, घंगाळी ओलीचिंब होऊन काठावर मांडलेली असायची. देणारी थोरली आसरा, साती जणींची राणी. पाचवीच्या पूजेला येऊन पोरांच्या कपाळी लिहून जाणारी सटवाई ही तिची बहीण, असे सांगतात. थोरलीची अट एकच होती. लग्नघराबाहेरच्या एका बाईने जामीन राहायचे. भांडी परत करताना जामिनाने पाण्यात पाय सोडून बसायचे आणि शेवटचे भांडे पाण्याने घेतले की उठायचे.

त्या काळी गावात साळू आणि भिवरा अशा दोन गडणी होत्या. एकाच आठवड्यात जन्मलेल्या, एकाच पाटावर दोघींची पाचवी पुजलेली. सटवाईने दोघींचे एका बोरूने लिहिले, असे गाव म्हणायचे. पण स्वभाव पाहाल तर एक ऊन, एक सावली. भिवरा धीट, बोलण्यात कुणाला न हरणारी. साळू भित्री, वाळके पान पायाखाली मोडले तरी तिचा हात छातीवर जायचा. तिचा नवरा बैल घेऊन कोकणात उतरला तो परतलाच नव्हता, आणि उशिरा झालेली एक तान्ही लेक तेवढी तिच्या पदराला होती.

भिवराच्या थोरल्या मुलीचे लग्न ठरले. जामीन कोण, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

"मला नको गं," साळू म्हणाली. "त्या पाण्यात पाय घालायचा म्हटलं तरी मी दोन पावलं मागे सरते."

"पाल चुकचुकली तरी तू दोन पावलं मागे सरतेस. मी आहे ना काठावर? तुझं-माझं लिहिणारी एक. तू बुडलीस तर मी काय कोरडी राहणार आहे?"

साळू हसली आणि हो म्हणाली.

लग्न झाले. त्या भांड्यांत एक तांब्याचे घंगाळ होते. त्यात ओढ्याचे गार पाणी ओतले तरी चुलीवाचून कोमट व्हायचे. अंगाला हळद लागलेल्या लेकीला भिवराने त्यात न्हाऊ घातले, आणि हात त्या पाण्यातून बाहेर काढताना तिचे मन मात्र आतच राहिले. डोहाकडे शेकड्याने भांडी असतील, एकाने त्याला काय उणे पडणार, असे ती मनाशी म्हणाली असेल. माणूस दुसरे काय म्हणतो?

परतफेडीच्या दिवशी बायका पाट्या डोक्यावर घेऊन खाली आल्या. पाट्यांवर फडकी बांधलेली होती. साळूने लेक भिवराच्या कडेवर दिली, लुगडे गुडघ्यापर्यंत घेतले आणि पाण्यात पाय सोडले. एकेक पाटी पाण्यात जाऊ लागली. शेवटची पाटी साळूच्या हाताशी आली तेव्हा तिला ती हलकी लागली. तिने वर पाहिले. भिवरा तिच्याकडे न पाहता कडेवरच्या पोरीचे टोपरे सारखे करत होती. आधीच नीट असलेले टोपरे.

"भिवरे, सगळं आहे ना गं ह्यात?"

"नाहीतर काय, मी घरात ठेवून घेतलं? सोड आता, ऊन चढतंय."

साळूने पाटी सोडली. पाण्याने ती घेतली. साळू उठायला गेली, आणि घोट्याला कुणीतरी धरले.

ती किंचाळली तेव्हा काठावरच्या बायका हसल्या. साळू दचकली म्हणजे काय नवल, मासोळी चाटून गेली असेल. हसत हसतच त्या पाणंदीला लागल्या. भिवरा सगळ्यांच्या पुढे होती, साळूची लेक तिच्या कडेवर. पाणी साळूच्या कमरेला आले, खांद्याला आले.

"भिवरे!" तिने हाक मारली.

भिवराची पावले थांबली. सगळ्याच बायका थांबल्या. आता त्यांच्या तोंडावर हसू नव्हते. भिवराने मान वळवली नाही. "पहिली हाक आहे," ती म्हणाली. "पाण्यावरची पहिली हाक. कुणी ओ देऊ नका."

तीही रीतच होती, म्हणून कुणी ओ दिली नाही. दुसरी हाक मारायला साळूचे तोंड पाण्यावर उरले नाही.

गावाने विचारले तेव्हा भिवराने डोळ्यांना पदर लावला. सटवाईने लिहिले ते कुणाला चुकले, म्हणाली. साळूची लेक तिने आपल्या घरी वाढवली, आवडी नाव ठेवले, पोटच्या पोरीसारखी सांभाळली. गाव तिला धन्य म्हणाले. त्या पोरीला ती रोज त्याच घंगाळात न्हाऊ घालायची.

खाली डोहात साळू मेली नव्हती. आसरा जामिनाला मारत नाहीत, ठेवून घेतात. तिने थोरलीला एकच विचारले, "बाई, हे माझ्या कपाळी होतं का?" थोरलीने बहिणीला विचारले म्हणे. सटवाई म्हणाली, "दोघींच्या कपाळी मी मैतरणी लिहिल्या. मी कपाळ लिहिते. हातानं काय करायचं ते ज्याचं त्यानं."

ते ऐकून साळू जेवढी रडली तेवढी बुडताना रडली नव्हती. नशिबावर रुसता येते, देवीला बोल लावता येतो. पण जिच्या ताटात आपण जेवलो तिने हे आपल्या हाताने केले, हे कुठे ठेवायचे?

थोरलीला तिची कणव आली. "भांडं आल्याशिवाय मला तुला सोडता येत नाही, पोरी," ती म्हणाली. "पण दिवसाला एक हाक देते. भांडं हाती असताना कुणी ओ दिली, तर तू मोकळी." मग साळू रोज वर येऊन एक हाक मारी. आधी भिवराला. पुढे, गावात आता कोण आहे, कोण नाही, हेच तिला कळेना, तेव्हा नुसतेच "अगं ए". हाक साऱ्या गावाला ऐकू जायची. आसरा बोलावतेय, म्हणून आया पोरांचे कान झाकायच्या.

तेव्हापासून आजतागायत हा डोह कुणाला भांडे देत नाही. लग्न झाले की नवी सून पाय धुवायला इथे येते, आणि पाणंदीवर उभी राहून सासू तिला एकदाच हाक मारते. सुनेने लगेच ओ द्यायची. दिली नाही तर वरात पुढे सरकत नाही. ही रीत पहिल्यांदा कुणी घातली ते सांगताना धोंडूतात्यांचा आवाज खाली येतो.

भिवरा म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. ते घंगाळ तिने कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिले नव्हते. राखेने घासायचे तेही माजघरात बसून. आता ते काळे पडले. वयात आलेल्या आवडीला वाटले, म्हातारीला उद्या ह्यात न्हाऊ घालू, जरा लख्ख करू. चिंचेचा कोळ आणि राख घेऊन, घंगाळ कमरेवर ठेवून, ती भर दुपारी डोहावर आली. काठावर दुसरे कुणी नव्हते.

ती घंगाळ घासत असताना पाण्यावरून हाक आली.

"अगं ए."

आवडीच्या हातातली राख सांडली. तीही आईसारखीच दचकी होती, फक्त तसे तिला सांगणारे कुणी नव्हते. पळावे म्हणून ती अर्धी उठली. लहानपणापासून ही हाक ती ऐकत आली होती; प्रत्येक वेळी भिवराचे दोन्ही हात तिच्या कानांवर असायचे, घट्ट, दुखेल इतके. आज ते हात नव्हते. मोकळ्या कानांनी ऐकली तेव्हा ती हाक तिला भुलवणारी वाटली नाही, दमलेली वाटली. तिच्या मनात आले, फसवणारी असती तर एवढी वर्षे एकाच गावाशी कशाला डोके फोडत बसली असती? केव्हाच दुसरे गाव धरले असते.

तिने चिंचेने माखलेल्या हातांनी घंगाळ उराशी धरले आणि पाण्यात एक पाऊल टाकले.

"ओ," ती म्हणाली. "आले. कोण गं तू?"