बेवारस बॅग

कौसाबाई पहिल्यांदाच विमानानं निघाल्या होत्या आणि पुरत्या भेदरल्या होत्या. "लाउंजमध्ये आरामात बसा," म्हणून जावयानं पास दिलेला. आत एकच खुर्ची मोकळी होती, तिच्यावर बॅग. शेजारी एक साहेब ऐसपैस बसलेले.

"साहेब, बॅग उचला. मला चक्कर येतेय."

"माझी नाही ती. तुमच्यासारख्यांनी बाहेर बाकड्यावर बसावं, मावशी."

बेवारस सामान दिसलं की पोलिसांना कळवा, ही विमानतळावरची सूचना सकाळपासून कौसाबाईंच्या काळजात धडकी भरवत होती. त्या जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "पोलीस, धावा! बेवारस बॅग! साहेब म्हणतात, त्यांचीसुद्धा नाही!"

"माझीच आहे हो!" साहेबांनी बॅग झटकन मांडीवर ओढली.

कौसाबाई टेकल्या. "लाउंज बराय, पण जागा धरायची खोड एसटीतलीच."