बंबाची तोटी

"मग माझ्यात कमी काय होतं, महाराज?"

चैतन्यगिरीने विचारलं आणि बंबाच्या नळीत आणखी एक ढलपी सारली.

आजऱ्याच्या वरच्या डोंगरातला गोसाव्यांचा मठ. कडाक्याची थंडी. न्हाणीच्या दाराशी तांब्याचा जुना बंब पेटला होता. पाणी तापत होतं ते सोमगिरीच्या अंघोळीसाठी. अंघोळ झाली की तो मठाच्या गादीवर बसणार होता. सोमगिरी वयाने लहान, मठात आला तोही मागाहून. आणि त्याच्यासाठी बंब पेटवायचं काम आलं चैतन्यगिरीकडे. कुणालाही झोंबलंच असतं.

म्हातारे भैरवगिरी महाराज मांडीवर चिमटा घेऊन उंबऱ्यावर बसले होते.

"राग आलाय?"

"छे!" आणखी एक ढलपी आत गेली. "राग मी केव्हाच जिंकला. सोमचं नाव तुम्ही घेतलंत, तेव्हा मी एक शब्द तरी बोललो? तोंड मिटून बसलो..."

राग नसलेला माणूस इतक्या मोठ्याने बोलत नाही. पण त्याला हे सांगणार कोण!

"तोटी ठिबकतेय," महाराज म्हणाले.

"ठिबकते म्हणजे काय! आत्ता बंद करतो."

तांबटाला बोलवायचं सोडून त्याने काल ती पक्कडीने आवळली होती. आज त्याहून जोरात आवळली.

कट्‌कन आवाज झाला. तोटी मुळातून तुटून पक्कडीत आली आणि कढत पाण्याची धार फरशीवर आदळली.

चैतन्यगिरीने खांद्यावरचा पंचा ओढला, त्याचा बोळा केला आणि दोन्ही हातांनी भोकावर दाबून धरला. धार थांबली. पण पंचा भिजला, आणि कढत पाणी बोटांना लागलं.

"वरून गार पाणी ओता, महाराज!"

घागरी रिकाम्या होत्या. बोलण्याच्या भरात त्या भरायच्या राहून गेल्या होत्या.

आता सोडलं तर बंब रिकामा होणार, आणि खाली एवढा जाळ. सांधे वितळून मठाचा एकुलता एक बंब कायमचा जाणार. धरलं तर हात जाणार.

"सोडू का?"

महाराजांनी मांडीवरचा चिमटा हातात घेतला.

"बोला हो काहीतरी! सोडू की धरू?"

महाराज उठले. तोटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खाली वाकले, चिमट्याने बंबाखालची जाळी ओढली. निखारे भसकन खाली पडले. जळत्या ढलप्या एकेक करून त्यांनी अंगणात ओढल्या आणि त्यांवर माती लोटली. घाई अशी कसलीच नव्हती. चैतन्यगिरीचा मात्र जीव जायची वेळ आली होती.

"आता सोड."

"पाणी जाईल ना सगळं!"

"जाऊ दे."

"सोमची अंघोळ... गादीवर बसायची वेळ झालीय..."

"गार पाण्याने करेल. सोड."

त्याला सोडता येईना. बोटं पंच्यावर आखडली होती. महाराजांनी त्याच्या कोपराला हळूच हात लावला, तेव्हा कुठे ती सुटली.

पाणी वाहत गेलं. न्हाणी वाफेने भरली. मग धार बारीक झाली, थांबली. रिकामा बंब निवत राहिला. तोटी सोडली तर त्याला काहीही झालं नव्हतं.

महाराजांनी हौदावर नेऊन त्याचे हात कितीतरी वेळ गार पाण्यात धरले. मग कोरफडीचं पान चिरलं आणि गर त्याच्या लाल तळव्यांना लावायला घेतला. चैतन्यगिरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते सगळंच काही भाजल्याचं नव्हतं.

"तुम्ही पाहिलंत ना, महाराज? हात भाजले, पण मी सोडलं नाही."

"पाहिलं."

"सोमने धरलं असतं इतका वेळ?"

"नसतं धरलं."

चैतन्यगिरीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला बरं वाटलं.

"मग...?"

महाराजांनी दुसरा तळवा हातात घेतला.

"आणि लाकडं कोण सारत होतं?"