देव अनवाणी धावला

पूर्वी वेत्रपुरात विश्वसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका पुराणिकाच्या घरी जन्मला. त्याचे नाव सुघोष. तो कथा सांगू लागला की भांडायला आलेले लोकही भांडण विसरून बसत. राजाने त्याला शब्द दिला होता, "चैत्रभर नदीकाठच्या देवळात कथा सांग. शेवटची फलश्रुती झाली की राजसभेचा पुराणिक तू."

त्या नगराचा एक कडक रिवाज होता. कथेचे फळ सांगणारा शेवटचा श्लोक, म्हणजे फलश्रुती, कानी पडेपर्यंत कोणी जागचे हलायचे नाही. मध्येच कथा मोडली, तर महिनाभराचे सगळे पुण्य बुडाले.

शेवटचा दिवस आला. मंडप खच्चून भरला. पुढे राजा आणि पुरोहित सोमदंत, मागे गावचे नावाडी. सुघोष गजेंद्राची कथा रंगवत होता. मगरीने हत्तीचा पाय धरला आहे, बळ सरत आले आहे, सोंडेत कमळ उंचावून हत्तीने हाक मारली आहे!

"आणि देव उठला! पादुका घातल्या नाहीत, गरुडाची वाट पाहिली नाही. अनवाणी धावला!"

लोकांच्या अंगावर काटा आला. पुरोहिताने उपरण्याने डोळे टिपले.

तेवढ्यात एक मुलगी धापा टाकत मंडपात शिरली. नदीच्या वाळूत काकड्या पिकवणाऱ्या बाईची ती थोरली लेक, कुवलया.

"उठा! वरच्या अंगाला पाऊस झालाय, नदीला लोंढा आलाय. आई अन् माझी दोन धाकटी भावंडं राखणीच्या माचावर अडकलीत. माच हलतोय!"

नावाडी अर्धे उठले. पुरोहिताने वळून पाहिले, तसे पुन्हा बसले.

"गप बैस, पोरी," पुरोहित म्हणाला. "थोडीच कथा उरलीय. देवाचं नाव घे. तो तारेल."

"तारेल हो, आजोबा! पण होड्या तुमच्याकडे आहेत, देवाकडे नाहीत!"

सुघोषासमोर पोथीचे शेवटचे पान होते. दोन-चार श्लोक, आणि राजसभा त्याची. पण तोंडात अजून त्याचेच शब्द होते. अनवाणी धावला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने पोथी मिटली आणि व्यासपीठावरून उडी टाकली.

"अरे मूर्खा, हातचं पद जाईल!" पुरोहित ओरडला.

"जाऊ द्या! नावाडीदादा, होड्या सोडा! कोणीतरी देवाच्या रथाचा दोर आणा!"

"रथाचा दोर?" पुरोहित किंचाळला. "तो वर्षातून एकदाच निघतो!"

"मग यंदा दोनदा!"

आता कोण बसतो! मंडप उठला आणि घाटाकडे धावला. दोराचे एक टोक पिंपळाला बांधले, दुसरे होडीला. गढूळ लोंढ्यात होडी भोवऱ्यासारखी गरगरली, पण दोर तुटला नाही. काठावर तो शेकडो हातांनी धरला होता आणि त्यांत राजाचेही हात होते. नावाड्यांनी मुलांना उचलले, मग आईला. होडी वळते न वळते तोच माच कडाडून वाहून गेला.

सगळे चिंब होऊन काठावर बसले. तेव्हा पुरोहित म्हणाला, "कथा मोडली. रिवाज तो रिवाज." राजाने सुघोषाकडे पाहिले, मग मान खाली घातली. दोर ओढायला त्याला धीर झाला होता, रिवाज मोडायला झाला नाही. राजसभेचे पद पुरोहिताच्या भाच्याला गेले.

सुघोष केस पिळत होता. कुवलया त्याच्याशेजारी येऊन बसली.

"अहो, त्या हत्तीचं पुढं काय झालं?"

सुघोष हसला. तिच्या आईकडे बोट दाखवून म्हणाला, "सुटला. आत्ताच."

ही हकीकत सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा सोमदंत आज देवदत्त आहे, विश्वसेन राजा आनंद आहे, कुवलया ही उत्पलवर्णा भिक्षुणी. आणि पोथी मिटून उठलेला पुराणिक मीच होतो. त्या उठण्याला करुणा म्हणतात. ती बसून होत नाही."