गोलपुढचा खड्डा

"पण मी नियम मोडला कुठं, वस्ताद?"

इंद्रजित दुसऱ्यांदा तेच विचारत होता. आता तो एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक. कोल्हापुरातल्या या फुटबॉल खेळणाऱ्या तालमीच्या मैदानावरच दस्तगीर वस्तादांनी त्याला खेळ शिकवला होता.

"मोडलास म्हटलं न्हाई मी. काय केलंस ते सांग."

"सगळ्या खेळाडूंच्या पगाराला मिळून वर्षाची एक मर्यादा असते. गेल्या वर्षी आमचा स्ट्रायकर तीत मावेना. मग त्याचा करार नव्यानं केला. पैसे त्याला लगेच दिले. पण मर्यादेच्या हिशेबात ते पुढच्या वर्षांवर पसरले. जागा मोकळी झाली. चषक आणला, वस्ताद!"

"बरं. आणि पुढचं वर्ष आलं तवा?"

...

"त्याचा गुडघा गेला. तो क्लबातून गेला. त्याचा बोजा मात्र अजून मर्यादेत ठाण मांडून बसलाय... म्हणून सुकुमारला ठेवता येत नाही."

सुकुमार याच तालमीचा गोलकीपर. इंद्रजितनंच शब्द देऊन त्याला क्लबात नेलं होतं.

"त्याला तुम्हीच समजावा. तुमचं ऐकेल तो."

वस्तादांनी गोलपुढच्या खड्ड्याकडं बोट केलं. गोलकीपरच्या पायांनी तिथली माती कायम उडत असे.

"तेवढा भर."

फावडं तिथंच होतं. मातीचा ढीग लांब, फाटकापाशी. आणि साहेबांचे बूट नवे. इंद्रजितनं जरा पुढची जमीन उकरली, खड्डा भरला, पायानं दाबला.

"झालं, वस्ताद."

वस्ताद चालत गेले आणि नुकत्याच उकरलेल्या जागेपाशी थांबले. पायानं तो नवा खड्डा दाखवला.

...

मैदानातली माती मैदानातून घ्यायची नाही, ही तालमीची पहिली शिकवण. पोरवयात इंद्रजितनं फाटकापासून टोपल्या वाहिल्या होत्या.

त्याचे कान तापले. मान वर होईना. त्याला खड्ड्याची लाज वाटली, बुटांची वाटली. आणि स्वतःचं तोंड लपवायला आपण या म्हाताऱ्याला पुढं करायला आलो, याची सगळ्यात जास्त वाटली.

त्यानं बूट काढले. गोलच्या खांबाला टेकवलेली टोपली उचलली आणि फाटकाकडं वळला.

वस्तादांनी टोपलीवर हात ठेवला.

"आत्ता नको. सुकुमार संध्याकाळी येतोय. तो आल्यावर त्याच्यासमोर उचल, आणि काय ते तूच सांग त्याला."