दाढ आणि मूठभर माती

"पण सुईत ती काय भरंल, हे कुणाला ठावं, वस्ताद?"

बिरू कोळेकर हे विचारत होता तेव्हा त्याचा डावा गाल टम्म फुगला होता. आतली दाढ सडली होती. पेजेशिवाय पोटात काही जात नव्हतं आणि जत्रेतली कुस्ती तर जवळ आलेली.

तालमीच्या हौद्यात हैदर वस्ताद तांबड्या मातीत ताक ओतत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दातांची डॉक्टरीण सुईत औषध भरती. दुसरं काय भरणार?"

"ती वरच्या आळीची सून हाय."

"मग?"

"माझी कुस्ती वरच्या आळीच्याच तालमीशी हाय न्हवं? दाढ काढायच्या निमतानं अंगातली ताकदच काढून घेतली तर...?"

वस्ताद माती कालवत राहिले.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस. पण बिरूला भित्रा म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्यामुळे त्यानं आपल्या ब्रह्मराक्षसाला संशयाचा सदरा घालून गावभर फिरवलं होतं.

"काल तिच्या दारापर्यंत गेलतास म्हणं," वस्ताद म्हणाले.

बिरू चपापला. तो गेला होता खरा. पायरीवर पाय ठेवला, आतून यंत्राची किरकिर ऐकू आली आणि तो तसाच माघारी वळला. घरी येऊन त्यानं दवाखाना बंद असल्याचं ठोकून दिलं होतं. मग वस्तादांना कुणी सांगितलं? त्या बाईनंच? म्हणजे ह्यांचं तिकडं जाणं-येणं आहे की काय?

त्यानं डोळे बारीक केले.

"तुम्ही तिचंच नाव का घेताय सारखं? तालुक्याला दुसरा डॉक्टर न्हाई व्हय?"

"आता माझाबी संशय आला का?"

बिरूला आला होता. त्याची त्याला लाजही वाटत होती, पण संशय काही हटेना.

"पू गळ्यात उतरला तर जत्रा राहिली बाजूला, जिवावर बेतंल," वस्ताद म्हणाले. "दाढ निघाल्याबिगार तुला मी जत्रेत उतरवणार न्हाई."

"वस्ताद!"

"उतर हौद्यात. माती लाव मला."

बिरू लंगोट कसून खाली उतरला. त्यानं मूठभर माती घेऊन म्हाताऱ्याच्या खांद्यांना, दंडांना, मानेला चोळली. वस्तादांनीही त्याला लावली.

"का लावलीस?"

"हात निसटू नये म्हणून. तुम्हाला धरता यावं."

"आन् मी तुला लावली ती?"

"तुम्हाला मला धरता यावं म्हणून."

"म्हंजे मी तुला धरावं, म्हणून तू उभा राहून माती लावून घेतलीस? खुळा हायस का रं?"

"रीतच हाय ती," बिरू वैतागून म्हणाला. हा म्हातारा आता कुठला पेच टाकतोय, ते त्याला समजेना.

"आन् एखादा अंगाला तेल लावून आला तर?"

"हाकलून द्यायचा! धरताच येत न्हाई त्याला. ती कुस्ती न्हवं, लबाडी..."

वस्तादांनी मान डोलवली. मग मातीनं भरलेला हात हळूच बिरूच्या सुजलेल्या गालाकडं नेला.

बिरूनं झटकन मान फिरवली. कोपर वस्तादांच्या मनगटावर आदळलं.

वस्तादांचा हात तसाच राहिला...

बिरूनं खाली पाहिलं. छाती लाल, दंड लाल, मांड्या लाल. गालाला मात्र मातीचा कण लागला नव्हता. तेवढा एक गाल तेल लावल्यासारखा निसटला होता.



"भ्या वाटतंय, वस्ताद," बिरू म्हणाला. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटावा इतका बारीक निघाला. "सुईचं... त्या किरकिरीचं. वरच्या आळीचं काय न्हाई. मलाच लई भ्या वाटतंय."

"ठावं हाय."

"मग बोलला का न्हाई?"

 वस्ताद खाली बसले आणि पुन्हा माती कालवू लागले.

बिरू वाकला. त्यानं चिमूटभर माती उचलली.  दुखरा गाल त्यानं स्वतःच माखला. कळ मस्तकात गेली, डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं मान फिरवली नाही.

"जाऊ?"

"जा. पण गाल धुऊन जा."

बिरूचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"धुवायचीच हुती तर लावली कशाला?"

वस्तादांनी ताकाचा तांब्या मातीत पालथा केला.

"धू जा. लागायची तिथं लागली."